हाताला न जाणवणारी नळी

फोन वाजला तेव्हा मी चहा गाळत होते. दादाचं नाव दिसलं, तरी आधी चहा पुरता गाळला, कपात ओतला आणि मग फोन उचलला. सकाळी सकाळी दादाचा फोन म्हणजे नळीबद्दलच असणार, आणि नळीबद्दलचं बोलणं गरम चहाबरोबर जरा सोपं जातं, हा माझा अनुभव होता. पण पलीकडे दादाची बायको, सुनंदावयनी होती. "बाय... दादा न्हिदेंतच गेलो गो," झोपेतच गेला, एवढंच ती म्हणाली. चहा तसाच निवत राहिला, असं लिहायला बरं वाटलं असतं. पण मी तो प्याले. नार्व्याहून इब्रामपूरला पोचेपर्यंत पुन्हा चहा मिळणार नव्हता, आणि तिथे गेल्यावर सगळ्यांना चहा करून द्यायचं काम माझ्यावरच येणार होतं. तसंच झालं.

सगुण हा माझा थोरला भाऊ, त्याला मी दादा म्हणत असे. पेडण्याच्या एका हायस्कुलात त्याने कारकून म्हणून नोकरी केली आणि मी डिचोलीकडच्या मराठी शाळांतून मुलांना गणित शिकवलं. आम्ही दोघं लिहायचो मराठीत आणि भांडायचो कोंकणीत, आणि भांडणं लिहिण्यापेक्षा पुष्कळ जास्त झाली. पण गावात दादाची ओळख कारकून म्हणून नव्हती. आमच्या घरी बाबांपासून गणपतीची शाळा होती. आमच्याकडे शाळा म्हणजे मूर्ती करायची जागा. चवथीच्या दोन महिने आधीपासून वाड्यावरची माणसं आपापल्या घरचा लाकडी पाट घेऊन येतात, पाटावर एक नारळ ठेवतात आणि निघून जातात. गणपती त्या पाटावरच घडतो, त्याच पाटावरून घरी जातो. विसर्जनानंतर पाट धुऊन माळ्यावर ठेवतात आणि पुढच्या आषाढात तो पुन्हा आमच्या दारात येतो. बाहेरून पाहणाऱ्याला सगळे पाट सारखेच दिसतील, पण दादा पाट उलटा करून, नुसता हात फिरवून तो कुणाच्या घरचा ते सांगत असे. वयनी लग्न होऊन आली तेव्हापासून माती मळण्याचं, हातपाय जोडण्याचं आणि अंग गुळगुळीत करण्याचं काम तिच्याकडे होतं. मूर्ती रंगवणं, आमच्या भाषेत रंग काढणं, ते मात्र बाबांनी केलं आणि नंतर दादाने. तसा नियम कुणी केला नव्हता, पण मोडलाही नव्हता.

निवृत्त होईपर्यंत दादा कुंचल्यानेच रंगवायचा. मग खाणी बंद पडल्या, खाणीच्या रस्त्यावरची टायरची दुकानंही एकामागून एक बंद झाली, आणि अशाच एका दुकानातून दादा एक जुना कंप्रेसर घेऊन आला. तो सुरू झाला की कौलं थरथरत. वयनीने एकच दिवस तो आवाज ऐकला आणि कंप्रेसरला मागच्या रिकाम्या गोठ्यात नेऊन बसवायला लावलं. आता कंप्रेसर गोठ्यात आणि गणपती पुढच्या पडवीत, म्हणजे मधलं अंतर नळीने काटायचं. इथपासून आमच्या घरात नळी शिरली, ती दादाच्या बोलण्यातून शेवटपर्यंत बाहेर पडली नाही.

पहिली नळी टायरवाल्याचीच होती. काळी, जाडजूड, आतून तेलाने माखलेली. ती जोडाच्या तोंडावर बसेना तेव्हा दादाने आपल्याकडे कुणीही करील तेच केलं, तिला आतून खोबरेल चोळलं. आमच्याकडे कुरकुरणारं दार, न निघणारी बांगडी, दुखणारा गुडघा, सगळ्यांवर खोबरेल हेच औषध, तर नळीने काय घोडं मारलं होतं? नळी झटक्यात बसली. दादा खूश झाला. कंप्रेसर सुरू केला, स्प्रे गन धरली आणि पहिल्या गणपतीच्या पोटावर रंग मारला. रंग बसला आणि दुसऱ्याच क्षणी जागोजाग मागे सरला. कांजिण्या उठाव्यात तसे खड्डे पडले. दादाला वाटलं रंग खराब आहे, म्हणून त्याने नवीन डबा फोडून दुसऱ्या गणपतीवर मारला, मग तिसऱ्यावर. नळीतून वाऱ्याबरोबर तेलाचे बारीक थेंब येत होते, हे त्याच्या लक्षात यायला तीन गणपती लागले. मी त्या दिवशी तिथे होते. वयनी दारात उभी राहून म्हणाली, "देवाक तेल लावन न्हाणयलो? ही चवथ, दिवाळी न्हय." मी हसले. दादा हसला नाही. त्याने तिन्ही मूर्तींचा रंग ओल्या फडक्याने पुसून टाकला आणि ती नळी गोठ्यामागे नेऊन टाकली.

दुसऱ्या वर्षी त्याने कुळागरातली हिरवी नळी आणली. माडांना पाणी द्यायची ती. हलकी होती, स्वच्छ होती आणि घरातच होती. पण पाण्याची नळी ती पाण्याची. कंप्रेसरमधून निघणारी गरम हवा तिला सोसली नाही. जोडाजवळ ती मऊ झाली, बेडकाच्या गळ्यासारखी फुगली आणि मोठा आवाज करून फुटली. आजूबाजूचे लोक धावत आले. चवथीच्या आधीच कुणी फटाके लावले म्हणून. मग त्याने कुठून तरी निळी, गुंडाळी गुंडाळीची नळी मिळवली. ओढली की लांब होते, सोडली की परत गोळा होते. दिसायला फार छान. पण ती सारखी मागे ओढायची. खुंट्याला बांधलेलं वासरू हिसके देतं तसा हाताला हिसका बसायचा, आणि अशाच एका हिसक्याने ती शेजारच्या गणपतीच्या सोंडेत अडकली आणि सोंड घेऊन आली. ओली माती, पुन्हा जोडता आली. पण दादाचा चेहरा मी पाहिला. त्या संध्याकाळपासून त्याचे फोन सुरू झाले.

मृत्यूनंतर माणसाबद्दल चांगलं लिहायची रीत आहे, ती मला ठाऊक आहे. पण दादा एखाद्या गोष्टीच्या मागे लागला की समोरच्याला नकोसं करून सोडायचा, हे लिहिलं नाही तर ते दुसऱ्याच कुणाबद्दलचं लिखाण होईल. "बाय, नळयेचें आतलें भोक ल्हान आसलें की गनाक दम लागता. व्हड आसलें की नळी जड जाता," असं तो सुरू करायचा. मग लांबी. नळी जितकी लांब तितका वारा वाटेत मंदावतो. आखूड घेतली तर कोपऱ्यातल्या गणपतीपर्यंत पोचत नाही. रबर आज्ञाधारक, टाकलं तिथे पडून राहतं, पण वजनदार. प्लास्टिक हलकं, पण श्रावणातल्या गारव्यात ताठ होऊन बसतं. आणि पाणी. आपल्या पावसाळ्यातली हवा दाबली की तिच्यातून पाणी निघतं, ते नळीत साचतं आणि नेमकं गणपतीच्या गालावर थुंकतं. म्हणून नळी शाळेकडून गोठ्याकडे उतरती हवी, म्हणजे पाणी मागच्या मागे जाईल... मी भाजी चिरत, कपडे वाळत घालत, एकदा तर दाताच्या डॉक्टरकडे नंबर लावून हे सगळं ऐकलेलं आहे. मध्येच मी विचारी, "दादा, जेवलो?" तो म्हणे, "जेवलों गो. तर कितें सांगतालों..."

मग एका हिवाळ्यात त्याला झटका आला. जीव वाचला, बोलणंही महिन्याभरात जवळजवळ सुधारलं. उजवा हात तेवढा मागे राहिला. पेला उचलायचा, पण ओठांपर्यंत नेताना अर्धं पाणी सदऱ्यावर. डॉक्टरने व्यायाम सांगितले, ते त्याने केले. हात मात्र त्याच्या हट्टाला बधला नाही. घरी भेटायला येणारे लोक चांगल्या मनाने सांगत, की सगुणबाब, यंदा विश्रांती घे, लोक बाजारातून तयार गणपती आणतील. ते ऐकताना दादा मान हलवायचा आणि माणूस उंबरठ्याबाहेर पडला की मला म्हणायचा, "एक वर्स पाट दुसरे कडेन गेलो म्हणजे परतून येना." ते खरं होतं. साच्यातले, बाहेरून ट्रकातून येणारे गणपती स्वस्त असतात आणि रंगाने झगझगीत दिसतात. त्यांना पाट लागत नाही. एकदा पाट माळ्यावरच राहिला की पुढच्या वर्षी तो काढायची आठवण कुणाला राहणार? आमच्या आसपासच्या दोन शाळा अशाच बंद झालेल्या आम्ही पाहिल्या होत्या. बाबांची शाळा आपल्या हातून बंद पडणार, या एकाच गोष्टीची दादाला भीती वाटत होती. मरणाचीसुद्धा तेवढी वाटत नव्हती.

त्या उन्हाळ्यात त्याने मला म्हापशाला नेलं. वयनीला बस लागते, त्यामुळे ती पेडण्यापलीकडे सहसा जात नाही. दादाच्या कापडी पिशवीत स्प्रे गन होती, तिचा पेला रंगाऐवजी पाण्याने भरून घट्ट बंद केलेला. दुकानदार ओळखीचा होता, आणि दादाला बघून त्याने खुर्ची पुढे केली ती आदरापेक्षा अनुभवाने. दादाने एकेक नळी काढायला लावली, प्रत्येकीला गन जोडायला लावली आणि मला म्हणाला, "धर."

"हांव कित्याक धरूं?" मला कशाला म्हणून मी विचारलं. "वापरतलो तूं."

"तूं धर. हात लांब कर. सोंड रंगयतां अशें चिंत."

भर बाजारात मी हात लांब करून, न दिसणाऱ्या गणपतीची सोंड रंगवत उभी राहिले. येणारी जाणारी माणसं बघत होती. माझी एक जुनी विद्यार्थिनी नमस्कार करून काही न विचारता पुढे गेली. दादा समोर बसून माझ्या मनगटाकडे बघत होता. "जड लागता?" "लागता." "खंय? मनगटाक की खांद्याक?" एक नळी दुकानदाराला फार पसंत होती, दादालाही आवडलेली दिसली. त्याने स्वतःच्या डाव्या हाताने उचलून पाहिली, दोनदा मान डोलावली. पण मी धरली आणि म्हणाले की ठीक आहे, थोडी ओढते. लगेच त्याने ती परत केली. दुकानदार वैतागला. "सगुणबाब, इतली नाजूक कित्याक जाय तुमकां?" त्यावर दादा म्हणाला, "घरांत बायलमनीस चलयतली. तिच्या हाताक जड जावंक फावना." दुकानदाराने समजल्यासारखं केलं. मीही समजले, म्हणजे तसं मला वाटलं. आपला हात गेला हे चारचौघांत सांगायची लाज वाटते म्हणून नळी बायको चालवणार, तिला जड नको, असं सांगतोय, असं मी मनाशी ठरवून टाकलं आणि मला त्याची दया आली. दादाची दया येणं ही माझ्यासाठी नवीनच गोष्ट होती.

शेवटी ठरलं ते असं. गोठ्यापासून शाळेच्या आढ्यापर्यंत जाड रबरी नळी, आढ्यापासून खाली येणारं शेवटचं टोक तेवढं बारीक आणि मऊ. दोन्हींचा पितळी जोड हातापाशी नको, वर हुकात. म्हणजे पितळेचं वजन हुकाने पेलायचं, हाताने नाही. नळी जमिनीवरून सरपटत न येता वरून खाली उतरणार, त्यामुळे कुणाची सोंड धोक्यात नाही. हे सगळं अडकवायला दादाने आधी घरातली माटोळीची चौकट काढली होती. चवथीला गणपतीच्या डोक्यावर फळं-पानं बांधतात ती. वयनीने ती त्याच्या हातातून ओढून घेतली. "माटोळेक नळी बांदतलो? उद्यां सायकल बांदशी." तेव्हा त्याने बांबूची वेगळी चौकट केली. ती मात्र फारच खाली टांगली. आमच्या घराण्यात दादाइतका उंच माणूस झाला नाही, आणि पितळी जोड नेमका त्याच्या कपाळाच्या उंचीवर. मी गेले तेव्हा कपाळावर टेंगूळ होतं, पुढच्या वेळी गेले तर त्याच जागी दुसरं. मी म्हणाले, चौकट वर घे. तो म्हणाला, "आसूं दी. सारकी आसा." डोक्यावरही परिणाम झाला असावा, असं मी घरी येऊन बोलून दाखवलं.

गेल्या चवथीला सगळे पाट भरले. एकही पाट रिकामा परत गेला नाही. गणपती दरवर्षीपेक्षा सुबक होते. गालांवरचा गुलाबी रंग कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते कळत नव्हतं. गावाने कौतुक केलं की सगुणाचा हात परत आला. मीही म्हणाले, "दादा, हात बरो जालो मरे तुजो!" तो खुर्चीत बसला होता. थोडा हसला आणि म्हणाला, "नळी बरी आसा." झालं, पुन्हा नळी. मी विषय बदलला.

तो गेला तो ज्येष्ठाच्या अखेरीस. बारावा झाल्यावर मी वयनीबरोबर काही दिवस राहिले. शाळेच्या पडवीत कुणी जात नव्हतं. आणि एका सकाळी समोरच्या घरचा शाणूबाब पाट घेऊन आला. काखेत पाट, हातात नारळ. तो अंगणातच थांबला. आत यावं की तसंच मागे फिरावं, हे त्याला कळत नव्हतं. "वयनी," तो म्हणाला, "सवयीन हाडलो गो... तुका त्रास जाता जाल्यार व्हरतां परत." त्याच्यामागे, फाटकाशी, आणखी दोघं पाट घेऊन उभे होते. त्यांनी बहुतेक शाणूबाबला पुढे पाठवलं होतं.

वयनी उठली. तिने त्याच्या हातातून पाट घेतला, उलटा केला, खालून हात फिरवला. "हो तुमचोच न्हय? दवर थंय," ती म्हणाली आणि पडवीचं दार उघडलं. तिघेही पाट ठेवून गेले. मी तिला विचारलं, "वयनी, रंग कोण काडटलो?"

"गेल्या वर्सा कोणें काडिल्लो?" ती म्हणाली.

मला समजायला क्षण लागला. तिने पदर खोचला, सहज हात वर केला आणि हुकावरची नळी उतरवली. टाचा उचलाव्या लागल्या नाहीत. चौकट तिच्या हाताच्या मापाने टांगली होती. वयनी आणि मी एकाच अंगलोटाच्या. एकमेकींचे ब्लाउज आम्ही वर्षानुवर्षं घातले आहेत. म्हापशाच्या बाजारात मी हात लांब करून उभी होते तेव्हा दादा माझं नव्हे, तिचं मनगट बघत होता. दुकानदाराला त्याने जे सांगितलं ते शब्दशः खरं होतं, आणि मी मात्र त्याची दया करीत घरी आले.

"रंग हांवेंच मारलो," वयनी दादाच्या खुर्चीकडे हात करून सांगत होती. "तो कदेलार बसून सांगतालो. हांगा थांब, थंय फिरय. पयलीं म्हजो हात कांपतालो."

"आनी दोळे?" मी विचारलं. मूर्तीचे डोळे रंगवणं हे सगळ्यात अवघड काम.

"दोळेय."

"मग सांगलें कित्याक ना कोणाक?"

"कोणें विचारूंक ना," वयनी म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. मला मात्र तेव्हा दादाची आठवण अशी आली, की मी तिथेच पाटांशेजारी बसले आणि पहिल्यांदा रडले. त्या सगळ्या फोनांमध्ये मी त्याला जेवलास का असं विचारत राहिले होते. नळीच्या आडून तो मला शाळा कुणाच्या हाती जातेय ते सांगत होता, हे आता कळत होतं.

मी हे लिहीत असताना श्रावण लागला आहे. मी पुन्हा इब्रामपूरला आले आहे. पडवीत पाट भिंतीपर्यंत लागले आहेत, मातीची कामं बहुतेक संपली आहेत. गेल्या वर्षीचे सगळेच आलेत असं नाही, पण बरेच आले. दुपारी वयनीने कंप्रेसर सुरू केला. कौलं अजून थरथरतात. तिने पहिल्या गणपतीच्या पायांवर रंग धरला. रंग एकसारखा बसत गेला, कुठे खड्डा नाही, कुठे थेंब नाही. दादाची खुर्ची तिथेच आहे, तिच्यावर कुणी बसत नाही, पण ती कुणी हलवलेलीही नाही. कोपऱ्यातल्या गणपतीकडे वळताना नळी शेजारच्या पाटावर टेकायला आली.

"बाय," मान न वळवता वयनी म्हणाली, "नळी मातशी उखल गो."

मी पुढे झाले आणि नळी उचलून धरली. हाताला काही जाणवलंच नाही.